काकूंनी तपासून घेतलेली बाटली

आजारी माणसाला भेटायला जाताना पिशवीत विक्रीचा माल घेऊन जाणाऱ्याला तुम्ही काय म्हणाल? मला शब्द सापडत नाही. पत्रकवाल्या काकूंना नक्की सापडला असता. पण त्या आता नाहीत, आणि त्यांच्याविषयी लिहायला बसलं की आधी ती पिशवी डोळ्यांपुढे येते, याचीच किळस वाटते.

काकू कोथरूडला आमच्या सोसायटीत तळमजल्यावर एकट्या राहायच्या. शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या. छापलेला कागद वाचल्याशिवाय टाकणं त्यांना जमतच नसे. भेळ संपली की पुड्याचा कागदसुद्धा उलगडून वाचायच्या. बुवाबाजीविरुद्धची पत्रकं स्वतः लिहायच्या आणि घड्या घालायला मला बसवायच्या. मी वाचायला शिकले ती त्याच पत्रकांवर. एकदा मी एका मथळ्यापुढे हौसेने उद्गारचिन्ह काढलं. "खोड ते," त्या म्हणाल्या. "पुरावा नसला की माणूस उद्गारचिन्ह वापरतो."

जवळच्या मैदानावर एक महाराज मधुमेहावर मंतरलेलं पाणी वाटत होते, तेव्हा काकू रिकामी बाटली घेऊन रांगेत उभ्या राहिल्या. नंबर आल्यावर अदबीने विचारलं, "महाराज, आपण स्वतःची साखर कुठे तपासता?" शिष्यांनी त्यांना मंडपाबाहेर काढलं. "पाणीसुद्धा दिलं नाही मेल्यांनी," म्हणत त्या घरी आल्या.

अशा बाईला कोण फसवणार, असं आम्हा सगळ्यांना वाटायचं. मग त्यांना स्तनाचा कर्करोग झाला, किमो सुरू झाली, आणि वरच्या मजल्यावरच्या वेलनेस कोच बाई पिशवी घेऊन भेटायला आल्या. हे पद बाईंनी स्वतःच स्वतःला दिलेलं. मी तिथेच होते.

"काकू, हे लायपोसोमल ग्लुटाथायोन. चरबीच्या सूक्ष्म वेष्टनात असतं, म्हणून पोटात वाया जात नाही. किमोचं सगळं विष धुऊन निघतं. शिवाय रंग उजळतो, तो वेगळाच फायदा."

"रंग उजळून मिरवू कुठे? भुवयासुद्धा गेल्यात माझ्या."

मला वाटलं, विषय संपला. पण काही आठवड्यांनी सूप ठेवायला त्यांचा फ्रिज उघडला, तर बाईंची ती बाटली तिथे. अर्धी संपलेली.

"काकू, हे तुम्ही घेताय?"

"अंगारा असता तर तेव्हाच बेसिनमध्ये गेला असता. हे तपासून घेतलंय." आणि खरंच, भिंग लावून त्यांनी सगळं पाहिलं होतं. परवाना क्रमांक, मुदत, दिवसाचं प्रमाण. थेंबभरही जास्त घेत नव्हत्या. "हा पदार्थ आपल्या शरीरातच तयार होतो, पेशींना वाचवायला. मी मुलांना शिकवलंय."

"डॉक्टरांना सांगितलंत?"

"त्यांना काय सांगायचं? हे औषध थोडंच आहे! वाच, बाटलीवरच लिहिलंय: औषधी वापरासाठी नाही."

जन्मभर प्रत्येक छापील ओळीवर संशय घेणाऱ्या बाईने नेमका याच ओळीवर विश्वास ठेवला होता. आम्ही भांडलो. शेवटी पुढच्या तपासणीला त्यांनी ती बाटली डॉक्टरांच्या टेबलावर ठेवली.

डॉक्टर रागावले नाहीत. म्हणाले, "शरीरात असतं, हे खरंय. पण पेशींना वाचवणारी गोष्ट कोणत्या पेशींना वाचवेल, चांगल्या की कर्करोगाच्या, हे तुम्ही कसं ठरवणार? किमो चालू असताना हे नको. नुकसान झालंच असं मी म्हणत नाही. झालं नाही, असंही म्हणू शकत नाही."

रिक्षात काकूंनी बाटली काढून ती ओळ पुन्हा एकदा वाचली. मग म्हणाल्या, "म्हणजे आता मला कधीच कळणार नाही." इतकं थकलेलं वाक्य मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. बाटली बंद झाली, पण आजार थांबला नाही.

त्या बाटलीने गेल्या, असं मी लिहिणार नाही. पुराव्याशिवाय लिहिलेलं काकूंनी खोडलं असतं. पण काकू गेल्यावर आम्ही शेजारी त्यांच्या घरी बसलो होतो, तिथे वेलनेस बाई आल्या. डोळे पुसून माझ्या आईला म्हणाल्या, "शेवटी चेहऱ्यावर काय तेज होतं हो! तुमचे गुडघे दुखतात ना वहिनी? एक बाटली पाठवून देऊ?"

"आपण उठा," आई म्हणाली. "चपला दाराबाहेर आहेत."

माझ्या हातून आता एवढंच होण्यासारखं आहे, म्हणून तुम्हाला विनवते. तुम्ही किंवा तुमच्या घरातलं कोणी, पावडर, थेंब, कॅप्सूल, पूरक आहार, नाव काहीही असो, जे जे घेत असेल ते एका पिशवीत भरा आणि पुढच्या भेटीत डॉक्टरांसमोर ठेवा. उपचार चालू असतील तर पुढच्या भेटीचीही वाट पाहू नका. आजच फोन करा, आणि ते हो म्हणेपर्यंत झाकण उघडू नका.