छज्जा न दिलेल्या खिडक्या

आठवीत शाळा सोडून मी लातूरकडून रत्नागिरीत गवंडीकामाला आलो. जवळच्या पावस गावात एका काकूंचं घर बांधताना समुद्राकडच्या खिडक्यांवर मी छज्जे दिलेच नाहीत. आमच्या गावी असले लाड कोणी करत नाही. जूनमध्ये काकूंची गादी भिजली.

"तुमच्याकडे पाऊस वरून पडत असेल रे, आमच्याकडे तो आडवा घरात शिरतो," काकू म्हणाल्या. छज्जे तर करून घेतलेच, वर बाहेरून दहावीला बसायचा सतरा नंबरचा फॉर्मही भरायला लावला. "अडाणी राहून आणखी कोणाकोणाला भिजवशील?"

त्यांच्या कृपेने मी दहावी झालो आणि यंदा आर्किटेक्चरच्या डिप्लोमाला प्रवेश घेतला. पहिल्याच दिवशी सरांनी प्रत्येकाला प्रेरणा विचारली. मिसरूड न फुटलेली पोरं परदेशी मनोरे सांगत होती. माझी पाळी आली. खोटं बोलायलाही एखाद्या इमारतीचं नाव माहीत असावं लागतं.

"सर, काकूंची भिजलेली गादी," मी म्हणालो. "मला इथेच राहून कोरडी घरं बांधायचीत."

वर्ग खिदळला. वाटलं, आता थापी उचला आणि लातूरची एसटी धरा. सरांनी माझ्या हातात खडू दिला. "ये, कुठे चुकलास ते काढून दाखव यांना."

स्वतःच्या चुकांवर मला बोलता येतं. तास संपला तरी मी फळ्यापाशीच होतो.