दोन वाट्यांतली राय

मुलांनो, तुम्ही राय व्हिस्कीच्या बाटल्यांचा फोटो पाठवलात, म्हणून आज हे लिहिते. सत्तरच्या दशकात तुमचे चुलत आजोबा न विचारता परदेशी गेले, तेव्हापासून माझ्या सासऱ्यांनी त्यांच्याशी बोलणं टाकलं होतं. एका उन्हाळ्यात हे भावजी दौंडला गाडीतून उतरून शिरूरला घरी आले, ते दोन बाटल्या घेऊनच. "आबा, ही अमेरिकेची, ही कॅनडाची. राय नावाच्या धान्याची असते." सासऱ्यांनी माझ्याकडे पाहत विचारलं, "धान्याची म्हणतोय का त्यो?" मग नवा जोंधळा पारखावा तसा त्यांनी दोन वाट्यांतून एकेक घोट घेतला, मध्ये भाकरीचा तुकडा चावला. "ही कॅनडाची नुसती गोड हाय. ही झोंबती, पण हिला चव हाय." आणि एकदम मुलाकडे वळून म्हणाले, "तू बी घे की! बापाला लाजतोस व्हय?" भावजींना रडू आवरेना. त्यांची मुलं अजूनही भारतात आली की आधी शिरूरला येतात.