नदीकडचा खांब

सांगली स्टँडपासून ऑफिसपर्यंत मी रोज ज्याच्या रिक्षाने जाते, तो वळण आलं की स्वतःही झुकतो. खांदा आत, मान पुढे, जणू खो-खोच्या मैदानात खांबाला वळसा घालणारा तोच आहे. मला मात्र दांडी घट्ट धरावी लागते. "आवं ताई, वळताना ज्यो ताठ ऱ्हायला त्यो घसरला," हे मी किती वेळा ऐकलंय! संध्याकाळी धंदा सोडून तो आपल्या खो-खो मंडळाच्या मैदानाशी पोरांचा खेळ बघत उभा असतो.

यंदा मोसम संपल्यावर मंडळाने पुढच्या मोसमासाठी पैसे मोजून बाहेरचा खेळाडू आणायचं ठरवलं आणि याचं डोकंच फिरलं. "तेवढ्यात आपल्या समद्या पोरास्नी बूट आलं असतं. आता मी मैदानात पाय ठेवत न्हाई." आठवडाभर दुसरा विषय नाही.

काल स्टँडवर एक उंच तरुण बॅग घेऊन माझ्याशेजारी बसला. "मंडळानं खेळायला बोलावलंय, मैदानावर सोडा," म्हणाला. रिक्षावाल्याने आरशातूनसुद्धा त्याच्याकडे बघितलं नाही. मैदानाशी उतरवलं, भाडं पूर्ण घेतलं, गिअर टाकला आणि थांबला.

"ए गड्या," त्याने डोकं बाहेर काढून हाक मारली, "नदीकडच्या खांबाजवळ माती लय भुसभुशीत हाय. तिथं पावलं आखूड टाक."

पुढची दोन्ही वळणं त्याने ताठ बसून घेतली. ऑफिस आल्यावर हळूच म्हणाला, "ताई, मंडळात कुणाला बोलू नका."