प्रमिलाताईंची चूक

कोणाचीही फाईल समोर आली की प्रमिलाताई आधी मजकूर वाचायच्या नाहीत. वरच्या पट्टीतलं एक बटण दाबायच्या. त्यासरशी शब्दांमधली प्रत्येक मोकळी जागा ठिपका होऊन दिसू लागायची. शीर्षकं मध्यभागी आणायला मी स्पेसबार किती वेळा दाबला होता, ते पहिल्याच दिवशी पडद्यावर उमटलं.

"मॅडम, हे काय आवत्या टाकून ठेवला?" त्या म्हणाल्या. "धान फेकून पेरल्यावानी ठिपके. रोपाचा रोवणा कसा ओळीत असते."

देवरीच्या बसस्थानकाजवळ त्यांचं टायपिंगचं दुकान होतं. मी तिथल्याच महाविद्यालयात भूगोल शिकवायची आणि चोरखमारा जलाशयाच्या पाण्यावरच्या धानशेतीवर पीएच.डी. करत होते. तळटिपांचे आकडे मी हातानेच टाकले होते. मध्ये एक टीप वाढली आणि पुढचे सगळे आकडे चुकले. ताईंनी न कुरकुरता सगळ्या टिपा नव्याने घातल्या. "आता मधी एक टाका का काढा, बाकीच्या आपल्या आपण सरकतेत."

प्रबंध जमा करायला दोन दिवस उरले असताना तिसऱ्या प्रकरणावर त्यांचा हात थांबला. कालव्याचं पाणी सोडणाऱ्या पाटकऱ्याशी बायका कशा भांडतात, याचा तो परिच्छेद होता. त्यात 'पाटकरी'ऐवजी 'पाठकरी' छापलं होतं.

"ही चूक माझी होय," त्या म्हणाल्या. "योगिताचा लघुप्रबंध टाईप करतानी मी केली होती. छापून आल्यावर दिसली. तुमच्याकडं कशी आली?"

योगिता माझ्या मार्गदर्शकांची जुनी विद्यार्थिनी. त्यांच्या गोंदियातल्या कपाटातून मी तिचा तो लघुप्रबंध आणला होता, त्यातून उतरवून घेतलं होतं आणि कुठेही योगिताचं नाव दिलं नव्हतं.

"शब्द बदलून टाकते," मी कशीबशी म्हणाले.

"शब्द बदलून काय होते मॅडम? फिरली तर ती. सातवा महिना होता तिले. बांधाबांधानं जाऊन बायकांना विचारे, मंग इथं याच खुर्चीत बसून मले सांगे." त्यांचा आवाज चढला नाही. शेजारी झेरॉक्ससाठी दोघे उभे होते, त्यांना काही कळू नये इतक्या हळू त्या बोलत होत्या. "आणखी कोठं घेतलं?"

"तीन ठिकाणी."

"मंग चार टिपा होतेत. पान नंबर आणा."

तो लघुप्रबंध मी परत करून टाकला होता. दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने गोंदियाला गेले. वाटेत वाटत होतं, ताई कोणाला सांगतील, माझी नोकरी, माझं नाव. दुपारी परतले, तर त्यांनी माझी फाईल उघडूनच ठेवली होती. मी पानांचे आकडे वाचत गेले, त्या टिपा घालत गेल्या. संदर्भसूचीत योगिताचं नाव आलं. त्या दिवसाबद्दल त्या पुन्हा कधी बोलल्या नाहीत, ना माझ्याशी, ना कोणाशी.

पदवी मिळाल्यावर मी योगिताला शोधून फोन केला. ती सडक अर्जुनीकडच्या एका शाळेत शिकवत होती. मी सगळं खरं सांगितलं. तिने विचारलं, "माझं ते कोणी वाचते का?"

गेल्या वर्षी ताईंची नजर अधू झाली. दुकान बंद झालं. मी घरी भेटायला गेले तेव्हा त्या अंगणात लाखोळीची डाळ हातानेच चाचपून निवडत होत्या. योगिताने पीएच.डी.ला नाव नोंदवल्याचं मी सांगितलं. त्यांचा हात थांबला.

"मले आता तिचं टाईप करणं होत नाही," त्या म्हणाल्या. मग डाळीतला खडा बाजूला टाकत म्हणाल्या, "तिले सांगजा, संदर्भसूची पयल्या दिवसापासून लिहून ठेव म्हणा. अन् तुमी बसजा तिच्याजवळ."