माझा कागद त्यांनी भरला

माझा कागद आधीच भरलेला होता.

मुळशी धरणाकाठच्या एका रिसॉर्टात आम्ही दोघं भागीदार बसलो होतो. समोर गुंतवणूक करायला आलेले पाहुणे. त्यांनी बजावलं होतं, दोघांनी आपापल्या जमेच्या बाजू आणि उणिवा स्वतः लिहून आणा. साहेबांनी माझ्याही लिहून आणल्या. टाइप करून.

साहेब म्हणजे माझे भागीदार. पूर्वी पिरंगुटच्या कारखान्यात ते इंजिनिअर, मी ड्रिलिंग मशीनवर ऑपरेटर. नोकऱ्या सोडून माझ्या गावी, भरे इथं शेड टाकली, सुटे भाग बनवायला. भागीदारी निम्मी-निम्मी. तरी मी 'तू' आणि ते 'साहेब'.

जमेच्या बाजू : कष्टाळू, प्रामाणिक. उणिवा : इंग्रजी, राहणी, घरची पार्श्वभूमी. योग्य जागा : शेड सुपरवायझर.

मी भऱ्याच्या बौद्धवस्तीतला. त्यासाठी किती सभ्य शब्द शोधला होता! अंगाची लाही लाही झाली.

"सही कर रे, फॉर्मॅलिटी आहे," साहेब हसत म्हणाले. "तुझ्यासारखा हात अख्ख्या मुळशीत नाही."

हात. कौतुक नेहमी हाताचंच. डोकं त्यांचं, हे ठरलेलंच. त्यांच्या कागदावर उणीव एकच होती : कामात फार जीव ओततो.

मी कागद उलटा केला. म्हटलं, आता यांचं सगळं उघडं पाडतो. पण पेन पुढे सरकेना. मागचा माल परत आला होता, भोकं मोठी पडली म्हणून. मशीन मी लावलं होतं. माप न घेता. आणि खापर फोडलं बिहारहून आलेल्या ऑपरेटरवर.

"भैया, मैंने सेटिंग को हाथ नहीं लगाया," तो सांगत राहिला. मी त्याला कामावरून काढलं.

त्याच्यापुढे मीही साहेबच होतो. लाज वाटली. 'प्रामाणिक' म्हणे!

माझी चूक, ते खापर, सगळं लिहिलं. खाली लिहिलं, 'निम्मा मालक'. सही केली आणि कागद पाहुण्यांपुढे ठेवला.

"वेडा झालास का? वाट लावलीस," साहेब कुजबुजले.

"खरं हाय त्येच लिवलंय. माझ्यात काय कमी हाय, ते मी सांगन. तुमी न्हाई."

पाहुणे पुन्हा फिरकले नाहीत. त्या ऑपरेटरला मी निरोप धाडला, चूक माझी होती, परत ये. तो आला नाही. त्याचं बरोबरच होतं.

आजही कुणी कौतुक केलं की मला आधी संशय येतो, हा मला कुठं बसवायला निघालाय? मग स्वतःचा येतो. मशीन चालू करण्याआधी माप मीच घेतो. चुकलं तर शेडमधल्या फळ्यावर माझंच नाव लिहितो, सगळ्यांदेखत. सुपरवायझर म्हणून सही मात्र मी कधीच करणार नाही.