डिस्क शाबूत होती

तलासरीच्या अलीकडे, हायवेपासून थोडं आत, एका ट्रस्टचं छोटं हॉस्पिटल होतं. २०१५ ते २०१९ मी तिथले कॉम्प्युटर सांभाळायचो. घर डहाणूला, रोज मोटरसायकलने जाऊन-येऊन. सर्व्हरचं शिक्षण मला असं नव्हतंच. देणगीत तीन जुने सर्व्हर आले, ते जोडायला वापीहून एक इंजिनीअर आला, त्याच्या शेजारी उभं राहून जे शिकलो तेवढंच. तिन्ही सर्व्हर एकमेकांना जोडून त्यांचा क्लस्टर केला होता आणि त्यांच्या पोटात सात-आठ व्हर्च्युअल मशीन चालायची. म्हणजे खरे डबे तीनच, पण केसपेपरचं मशीन वेगळं, औषधांच्या खिडकीचं वेगळं, लॅबचं वेगळं. एक डबा बंद पडला तर त्यातली मशीन दुसऱ्या डब्यात सुरू व्हायची. या व्यवस्थेचा मला अभिमान होता.

त्यातलं एक मशीन सिस्टरचं होतं. सिस्टर पन्नाशीच्या. सिकलसेल तपासणीचं काम त्यांच्याकडे होतं. हा रक्ताचा आजार आईबापाकडून येतो. दोघंही वाहक असले तर मूल आजारी निघू शकतं, पण वाहकाला स्वतःला काहीच होत नाही, त्यामुळे तपासल्याशिवाय पत्ता लागत नाही. उधवा गावाच्या आजूबाजूच्या पाड्यांवर सिस्टर दोन वर्षं घरोघर फिरल्या. लावणीत माणसं घरी सापडत नाहीत म्हणून बांधावर जाऊन बसायच्या, कापणीनंतर खळ्यावर. कुणाशी गुजरातीत, कुणाशी तिथल्या बोलीत बोलत एकेकाला राजी करायच्या. रक्ताचे निकाल लॅबमधून थेट याच मशीनमध्ये जायचे, लॅबकडे वेगळी नोंद राहत नसे. कागदी फॉर्मना स्टोअररूममध्ये वाळवी लागली तेव्हा त्यांनी मला फक्त एवढंच विचारलं, "मशीनमध्ये आहे ना रे सगळं?"

"आहे," मी म्हटलं. ज्याच्या त्याच्या निकालाची कार्डं छापून वाटायची तेवढी राहिली होती.

२०१७च्या पावसाळ्याच्या शेवटी वीज जाऊन-येऊन एक डबा जळाला. बाकीची मशीन दुसऱ्या डब्यांवर आपोआप सुरू झाली. सिस्टरचं झालं नाही. ते मागाहून वाढवलेलं मशीन. आपोआप सुरू व्हायच्या यादीत मी ते टाकलंच नव्हतं, आणि बॅकअपच्या यादीतही नाही. दोन्ही कामं 'उद्या' करायची होती.

पण त्याची डिस्क जळालेल्या डब्यात नव्हती, तिघांच्या सामाईक साठ्यावर होती. म्हणून मी निर्धास्त होतो. नवं व्हर्च्युअल मशीन तयार केलं, जुनी डिस्क त्याला जोडली, चालू केलं. काळ्या पडद्यावर एकच ओळ आली: सुरू करण्याजोगी डिस्क सापडत नाही.

दोन दिवस मी त्या ओळीसमोर बसलो. डिस्क काढली, परत जोडली. जोडणीचा प्रकार बदलला. तीच ओळ. शेवटी वापीला फोन केला. इंजिनीअर गडबडीत होता. "डिस्क करप्ट हो गयी होगी, भाई. नया बना लो," म्हणाला. मोठे डॉक्टर दारात येऊन म्हणाले, "जुनं जाऊ दे. उद्यापासून नवीन नोंदी तरी सुरू झाल्या पाहिजेत." साठ्यावर जागा कमी होती. मी जुनी डिस्क पुसली आणि तिच्या जागी नवी केली. 'नक्की पुसायचं का?' असं मशीनने विचारलं होतं. मी 'हो' म्हटलं.

सिस्टरना सांगितलं, "मशीन बिघडलं. गेलं सगळं."

त्या खुर्चीत बसल्या, थोड्या वेळाने उठल्या आणि म्हणाल्या, "मग परत जायला हवं."

पाड्यांवर त्यांच्याबरोबर मीही लॅपटॉप घेऊन जायला लागलो. पहिल्याच घरी एक बाई अंगणात नाचणी वाळत घालत होती. सिस्टरना बघून हसली, बसायला गोणपाट टाकलं. पण सुई काढल्यावर हात मागे घेतला. "एकदा दिलं ना रगत? तेच बघा."

"मशीन बिघडलं गं," सिस्टर म्हणाल्या.

"मग आता मशीनचं रगत घ्या."

आम्ही हसलो, तीही हसली, पण हात काही पुढे केला नाही. पुढच्या पाड्यावर कुणी हसलं नाही. एका म्हाताऱ्याने सरळ विचारलं, "आमचं रगत नेऊन तिकडे गुजरातेत विकलं, खरं ना?" सिस्टर त्याच्याशी तासभर बोलल्या. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि घरात जाऊन दार लावलं. ज्या घरांत त्यांना आधी जेवूनच जा म्हणायचे, तिथे आता बायका पाण्याच्या हंड्यांआड तोंड लपवायच्या. कुठे चार माणसांनी रक्त दिलं, कुठे दोघांनी. परतीच्या जीपमध्ये सिस्टर बॅगेतल्या कोऱ्या नळ्या मोजायच्या आणि बॅग बंद करायच्या.

पुढच्या वर्षी, दिवाळीनंतर, औषधांच्या खिडकीचं मशीन दुसऱ्या डब्यावर हलवताना मला ते नव्याने बनवून त्याची डिस्क जोडावी लागली. दुपारची वेळ, खिडकीसमोर रांग. चालू केलं तर पडद्यावर तीच ओळ. पण या वेळी मी घाई केली नाही. लॅबचं मशीन नीट चालत होतं, त्याची सगळी सेटिंग एका बाजूला उघडली आणि या मशीनची दुसऱ्या बाजूला. एकेक ओळ बोट ठेवून वाचत गेलो. फरक एकाच ओळीत होता. फर्मवेअर. मशीन जागं होताना सगळ्यात आधी जो छोटा प्रोग्रॅम उठतो आणि डिस्क शोधतो, तो. त्याच्या दोन तऱ्हा असतात, जुनी आणि नवी. नव्या तऱ्हेने बसवलेली डिस्क जुन्या तऱ्हेला सुरूच करता येत नाही. नवं व्हर्च्युअल मशीन बनवताना आपण काही सांगितलं नाही, तर आमच्याकडे ते जुनी तऱ्हा धरून चालायचं.

मी ती ओळ बदलली. मिनिटाभरात मशीन सुरू झालं. खिडकीमागून फार्मासिस्ट ओरडला, "आलं! शाब्बास!"

मी तिथून उठून मागच्या जिन्यावर जाऊन बसलो. सिस्टरची डिस्क शाबूत होती. ते दोन दिवस, मी समोर बसलो होतो तेव्हा, प्रत्येक नाव आणि प्रत्येक निकाल जागच्या जागी होता. जळालेल्या डब्याने काही नेलं नव्हतं, विजेनेही नाही. मी पुसलं होतं.

आठवडाभर गप्प राहिलो. मग तलासरीच्या स्टँडवर, उधव्याच्या एसटीची वाट बघताना, सिस्टरना सांगितलं. फर्मवेअर म्हणजे काय ते त्यांनी नीट समजून घेतलं, दोनदा विचारलं.

"म्हणजे तेव्हा सगळं तिथेच होतं?"

"हो."

"आणि मी त्या माणसांना सांगत फिरले की मशीन बिघडलं."

"मीच तसं सांगितलं होतं तुम्हाला," मी म्हटलं.

"तू मुद्दाम नाही केलंस, ते कळतं मला," त्या म्हणाल्या. "पण हे मी आता कुणाला जाऊन सांगू?"

एसटी आली. "आज मी एकटी जाते," म्हणाल्या. नंतर त्यांनी मला पाड्यांवर कधीच नेलं नाही. चिडल्या असत्या तर बरं झालं असतं.

२०१९च्या सुरुवातीला एक जोडपं आलं. बाई सात महिन्यांची पोटुशी, अंगात रक्त कमी. डॉक्टरांनी विचारलं, सिकलसेल तपासलंय का? नवरा म्हणाला, "दोघांचं झालंय. लग्नाच्या आधी. कार्ड देणार होते." सिस्टर तिथेच उभ्या होत्या. त्यांनी मला बोलावून घेतलं आणि त्या दोघांसमोर म्हणाल्या, "यांची नावं बघ."

काय निघणार हे त्यांनाही ठाऊक होतं. तरी मी बाईचं नाव टाइप केलं, मग नवऱ्याचं. दोन्ही वेळा 'नोंद नाही' आलं.

"नाही," मी म्हटलं.

"असं कसं? सिस्टर स्वतः आल्या होत्या," नवरा म्हणाला. तो रागावलेला नव्हता. मी नाव चुकीचं लिहिलं असावं असं त्याला वाटलं. त्याने ते पुन्हा सावकाश, एकेक अक्षर तोडून सांगितलं, आणि मी पुन्हा टाइप केलं.

त्या दिवशी दोघांचं रक्त घेतलं. दोघंही वाहक निघाले. आधी कळलं असतं तर त्यांनी काय केलं असतं, लग्न केलं असतं का, लवकर तपासणीला आले असते का, मला माहीत नाही. आता ते कुणालाच कळायचं नाही. बाळ झालं, त्याचं रक्त तपासायला गेलं. निकाल काय आला ते मी विचारलं नाही. सिस्टरनी सांगितलं नाही. एप्रिलमध्ये त्या नोकरी सोडून गावी गेल्या. पाड्यांवरचं काम त्यांच्याबरोबरच थांबलं.

जूनमध्ये मीही सोडलं. नव्या माणसाला काम समजावताना मी वहीत फर्मवेअरची ती ओळ मोठ्या अक्षरांत लिहून दिली होती, खाली दोन रेघा मारून. त्याने वाचलं आणि वही मिटली.

"हे तर बघतातच ना सगळे आधी," तो म्हणाला.