चाळीस रंगवलेले दगड

आमच्या सहकारी शेती सोसायटीला पन्नास वर्षे झाली म्हणून काढलेली स्मरणिका परवा मला टपालाने आली. कागद गुळगुळीत आहे. सतराव्या पानावर दगड वेचणाऱ्या यंत्राचा फोटो आहे. त्याच्याशेजारी तेव्हाचे व्यवस्थापक साहेब एक पाय दगडावर ठेवून उभे आहेत, आणि खाली छापले आहे की बटाटे काढणीच्या जुन्या यंत्रापासून हे यंत्र बनवण्याची कल्पना साहेबांना सुचली. फोटोच्या उजव्या कडेला एक कोपर दिसते. ते मुकादमिणीचे आहे. बाकीची मुकादमीण कापली गेली आहे.

साहेबांना काय काय सुचत असे ते मला चांगले ठाऊक आहे. आमचे हे त्या शेतीवर स्टोअरकीपर होते आणि कचेरीमागच्या क्वार्टर्समध्ये आम्ही सव्वीस वर्षे काढली. मुकादमीण आमच्या भिंतीपलीकडे राहायची. माझ्याकडे त्या सगळ्या वर्षांच्या वह्या आहेत. तारखांबद्दल कोणी माझ्याशी वाद घालू नये.

तिचे खरे नाव हजेरीपुस्तकात होते आणि तिथेच राहिले. तिचा नवरासुद्धा तिला "अगं मुकादमीण" अशीच हाक मारायचा. विसाव्या वर्षी ती काढणीच्या यंत्रावर चढली आणि तिशीच्या आत बाकीच्या पाच बायकांची मुकादम झाली. बुटकी, रुंद खांद्यांची, कपड्यांवर नवऱ्याचा जुना सदरा, डोक्याला घट्ट फडके. तिच्या डाव्या हाताच्या मधल्या बोटाला वरचे पेर नव्हते. एका काढणीत ते दगड आणि यंत्राचा कठडा यांच्यामध्ये सापडले. पट्टी मी बांधली. साहेबांनी दोन दिवसांची रजा दिली, बिनपगारी.

ते यंत्र खोलीएवढे होते आणि ट्रॅक्टरमागे ओढले जायचे. पुढचा फाळ बटाट्यांची ओळ मातीसकट उचलायचा. लोखंडी सळ्यांच्या फिरत्या पट्ट्यावरून माती गळून पडायची आणि बटाटे, ढेकळे, दगड असे सगळे वर बायकांसमोर यायचे. दोन्ही बाजूंना तीन-तीन बायका उभ्या. बटाटा पुढे जाऊ द्यायचा, दगड उचलून बाजूच्या पन्हाळीत टाकायचा. आणि ती पन्हाळ उघडायची कुठे? खाली, त्याच शेतात. म्हणजे सहा बायका दिवसभर वाकून जे दगड वेचायच्या, ते दहा पावलांवर परत मातीत. पुढच्या वर्षी नांगर त्यांना खाली घालणार, फाळ वर आणणार, आणि त्याच बायका तेच दगड पुन्हा उचलणार. असे एकोणीस वर्षे चालले. शिकलेल्या एकालाही त्यात काही वावगे दिसले नाही. मी स्वतःला त्यातून वगळत नाही.

मुकादमिणीला मात्र दिसले. एका काढणीच्या शेवटी तिने ह्यांच्याकडून डब्याच्या तळाशी उरलेला लाल रंग मागून घेतला, चाळीस दगड रंगवले, वाळवले आणि नेहमीसारखे शेतात टाकून दिले.

"बाई, लिहून ठेवा," ती अंगणाच्या भिंतीवरून म्हणाली. "चाळीस."

पुढच्या वर्षी काढणी संपल्यावर ती हात न धुता माझ्या दारात आली. "बाई, एकतीस."

"आणि उरलेले नऊ?"

"येतील की पुढच्या वर्षी. त्यांना कुठं नोकरी बदलायचीय?"

ते एकतीस दगड तिच्या धाकट्या दिराने पोत्यात भरून कचेरीत नेले. हा दीर वर्कशॉपमध्ये वेल्डर होता. साहेबांच्या टेबलापुढे पोते ओतले. मुकादमिणीने सांगितले, साहेब, आम्ही दरवर्षी तेच दगड उचलतोय, पन्हाळीखाली एक पेटी लावून द्या. साहेबांनी एक दगड उचलून पाहिला आणि विचारले, "हे रंगवायला तुम्हाला वेळ कुठून मिळाला?" दुसरा प्रश्न, "रंग कोणाचा?" पेटी काही लागली नाही. ह्यांना मात्र रंगाच्या डब्याबद्दल लेखी खुलासा द्यावा लागला. तो मीच सुवाच्य अक्षरात लिहून दिला, आणि तो लिहिताना माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती.

त्यानंतर दोन वर्षांनी सोसायटीने काढणीचे नवे यंत्र घेतले. त्यावरही दगड वेचायला बायका लागायच्याच. जुने यंत्र वर्कशॉपमागे गवतात जाऊन पडले. मुकादमिणीने ते मागितले. साहेब म्हणाले, भंगारच आहे, करा काय करायचे ते. हे त्यांचे शब्द. यालाच स्मरणिकेत "कल्पना सुचली" असे म्हटले आहे.

चार महिने ती आणि वेल्डर दर सुट्टीच्या दिवशी त्या भंगारात डोके घालून बसायची. मी त्यांना चहा नेऊन द्यायची, म्हणून त्यांचे बोलणे माझ्या कानावर आहे. पहिल्या चाचणीत पहिल्याच मोठ्या दगडाने तीन सळ्या वाकवल्या. मग जाड सळ्या आणल्या. दोन सळ्यांत किती फट ठेवायची यावरून दीर-भावजयीची जुंपली.

"माझी मूठ खाली जाता कामा नये, एवढी," ती म्हणाली.

"वहिनी, सोसायटीत टेप आहे मोजायला. तुमची मूठ कशाला?"

"टेपनं दगड उचललाय कधी?"

"टेपचं बोट तरी तुटत नाही," असे बोलून गेल्यावर त्याने जीभ चावली. पण तीच मोठ्याने हसली.

सलग फाळाच्या जागी त्यांनी बोटांसारखे जाड दाते लावले. माती खाली राहील, दगड वर येतील, आणि फारच मोठा धोंडा असेल तर दाते त्याच्यावरून सरकून जातील. मागे लोखंडी पेटी बसवली. तिचा तळ बिजागरीवर उघडायचा, म्हणजे बांधाशी नेऊन रिकामी करता येई. नांगरलेल्या मोकळ्या शेतात मुकादमीण यंत्राच्या बाजूने चालायची, एक तळवा त्याच्या सांगाड्यावर टेकवून. सळ्यांत दगड अडकला की आवाज व्हायच्या आधी तिच्या तळव्याला कळायचे. ती दुसरा हात वर करायची, चालक थांबायचा. दोघी सळईने तो दगड मोकळा करायच्या, दोघी दाते साफ करायच्या, एक पेटीजवळ. अशी सहाजणींची कामे तिने वाटून दिली होती.

पहिल्या दिवशी दुपारपर्यंत सात ट्रॉल्या दगड बांधावर गेले. बातमी कचेरीत पोहोचली आणि साहेब छायाचित्रकाराला घेऊन आले. हे ग्रीसचा डबा घेऊन तिथे आलेलेच होते, मीही बांधावर उभी होते. मुकादमिणीने यंत्र थांबवले.

"साहेब, एक विचारायचं आहे. शेत साफ झालं की नव्या मशीनवर वेचायला काही उरणार नाही. मग आम्ही सहाजणींनी करायचं काय? ते आधी सांगा, मग पुढची ओळ घेते."

साहेब खुशीत होते. "अहो मुकादमीण, तुम्ही सहाही जणी याच मशीनवर. आपली शेतं झाली की आजूबाजूच्यांची. दगडांना काय तोटा आहे?"

मग त्यांनी दगडावर पाय ठेवला आणि फोटो निघाला.

तीन हंगामांत सोसायटीची निम्म्याहून जास्त शेते साफ झाली. नव्या यंत्रावरून बटाटे असे स्वच्छ जाऊ लागले की तिथे कोणी उभे राहायची गरज उरली नाही. आणि पेरणीच्या दोन महिने आधी एका सोमवारी सकाळी हजेरी घेताना सहाजणींची नावे वाचलीच गेली नाहीत. दगडांच्या यंत्रावर एकटा चालक पुरेसा आहे, असे साहेबांनी ठरवले होते.

मुकादमीण कचेरीत गेली. साहेब म्हणाले, "सहाही जणी? असं मी कधी म्हणालो?" तिने सांगितले, स्टोअरकीपर होते तिथे. साहेबांनी ह्यांच्याकडे पाहिले. हे म्हणाले, "मला नीट आठवत नाही, साहेब."

हे मला ह्यांनी सांगितले नाही. नळावर मुकादमिणीने सांगितले, आणि तेही तक्रार म्हणून नव्हे. तिने बादली भरून बाजूला ठेवली. मग म्हणाली, "बाई, भाऊंना आठवत नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी हे दाढी करत असताना मी फोटो निघाला त्या दिवसाची वही आरशाखाली उघडून ठेवली.

"वाचलं मी," हे म्हणाले.

"मग?"

"क्वार्टर साहेबांच्या हातात आहे."

"आणि जीभ?"

"तुला कळत नाही. दोन खोल्या जातील."

"तिचा रोजगार गेला. कालच्या तारखेला मी काय लिहू? तुम्ही बांधावर नव्हता असं लिहू? तसं सांगा, तसं लिहिते."

ह्यांनी वही मिटली आणि दाढी पुरी केली. त्यानंतर कित्येक दिवस आमच्या घरात मीठ दे, दार लाव, यापलीकडे संभाषण झाले नाही. माझे यजमान वाईट नव्हते. पण चांगल्या माणसांनी मूग गिळून बसायचे ठरवले की वाईट माणसांना फारसे कष्टच पडत नाहीत, हे मी तेव्हा पाहिले आणि आजही मला त्याचा संताप येतो.

इकडे यंत्रावर चालक एकटा. पुढे बघणार की मागे? नवव्या दिवशी सळ्यांखाली धोंडा अडकला. चालक यंत्र तसेच ओढत राहिला आणि साखळी तुटली. वेल्डरने जोडली. चार दिवसांनी पुन्हा तुटली, या वेळी दांडाही वाकला. तिसऱ्या वेळी वेल्डर साहेबांना म्हणाला, "साहेब, मी लोखंड जोडतो. वहिनीचा हात कुठून जोडू?"

सर्वांत दगडाळ शेत शिल्लक होते आणि पेरणीला पंधरा दिवस. साहेबांनी मुकादमिणीला बोलावणे धाडले. त्या वेळी हे साठ्याचे पुस्तक घेऊन तिथेच उभे होते, वेल्डर दारात होता. दोघांनी मला सांगितलेले अक्षरशः जुळते.

"उद्यापासून या," साहेब म्हणाले. "तुम्हाला घेतो."

"कोणाकोणाला?"

"तुम्हाला. मशीनबरोबर चालायला एक माणूस पुरे."

"मी चालले तर अडकलेला दगड काढणार कोण? मीच? एक हात मशीनवर आणि एक सळ्यांत? एक पेर आधीच दिलंय, साहेब." ती बसली नव्हती, तिला बसायला सांगितलेही नव्हते. "सहा येतील, नाहीतर कोणी येणार नाही. बोललात तसं करा."

"मी बोललोच नव्हतो. पुन्हा तेच काय?"

तेव्हा हे म्हणाले, "बोलला होतात, साहेब. सहाही जणी म्हणालात. मी ग्रीसचा डबा घेऊन उभा होतो."

साहेबांनी ह्यांच्याकडे इतका वेळ पाहिले की वेल्डर खोकला. पण पेरणी पंधरा दिवसांवर होती. कागद आला. सहा बायकांना काम असेपर्यंत याच यंत्रावर ठेवू, असा मजकूर साहेबांनी सांगितला, ह्यांनी लिहिला, साक्षीदार म्हणून सही केली. बाहेर पायऱ्यांवर मुकादमीण ह्यांना म्हणाली, "भाऊ, सहा आठवडे आधी आठवलं असतं तर साखळी वाचली असती." आभार तिने मानले नाहीत. का मानावेत?

त्या सहा आठवड्यांची किंमत मात्र मोजावी लागलीच. त्या दिवसांत एक जण लेकीकडे दूर निघून गेली होती, तिचा पत्ताच कोणाकडे नव्हता. दुसरी, जिला सगळ्या 'उंच' म्हणायच्या, ती शहरात डबाबंद वाटाण्याच्या कारखान्यात लागली होती. मुकादमीण मला बरोबर घेऊन तिला आणायला गेली, कारण कागद वाचून दाखवायला कोणी हवे होते. कारखान्याच्या फाटकाशी, जेवणाच्या सुट्टीत, उंच बाहेर आली, डोक्यावर कारखान्याची हिरवी टोपी. मी कागद पहिल्या शब्दापासून शेवटच्या सहीपर्यंत वाचला.

"'काम असेपर्यंत' म्हणजे काय हो बाई?" तिने विचारले.

"काम असेल तोपर्यंत."

"आणि ते आहे की संपलं, हे कोण सांगणार?"

ते कागदात नव्हते. घरच्या टेबलावर तो मी दोनदा वाचला होता आणि मला ते दिसले नव्हते.

"आपण दगड काढून काढून आपलीच जागा साफ केली, मुकादमीण," उंच म्हणाली. "आता पुन्हा साफ करायला नको बोलावूस. इथं बसून काम आहे." घंटा झाली आणि ती आत गेली.

बसमध्ये मुकादमिणीने कागदाची घडी करून सदऱ्याच्या खिशात ठेवली. "तिचं चुकलं नाही," एवढेच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी चौघी शेतावर गेल्या. साहेबांनी मोजल्या आणि म्हणाले, चौघींत भागतंय तर चारच ठेवू, दोन जागा कमी. मी बांधावर होते. मुकादमीण ट्रॅक्टरपाशी गेली, तिने चालकाकडून किल्ली मागून घेतली आणि सदऱ्याच्या खिशात टाकली.

"सहा लिहिलंय," ती म्हणाली. "कोण ते लिहिलेलं नाही. दोन नव्या बायका मी आणते. हजेरीत सहा नावं चढली की किल्ली देते."

"आणि तोवर ट्रॅक्टर उभा राहणार?"

"तोवर उभा."

ती बांधावर बसली. उरलेल्या तिघीही बसल्या. साहेब कचेरीत गेले, परत आले, पुन्हा गेले. वेल्डर सायकलवरून वस्तीवर गेला आणि दोघींना घेऊन आला. त्यातली एक इतकी घाईने निघाली होती की तिच्या पायांत दोन वेगवेगळ्या चपला होत्या. सव्वादहाला हजेरीपुस्तक शेतावर आले. मुकादमिणीला वाचता येत नव्हते. तिने नावांवरून बोट फिरवत सहा ओळी मोजल्या, पुन्हा एकदा मोजल्या, आणि मग किल्ली चालकाच्या हातात ठेवली.